दुसऱ्याच्या तोंडून भरलेले अर्ज

फादर आणि सिस्टर एकाच खोलीत राहतात, ही बातमी रोह्यात आमच्या सामानाचा टेम्पो रिकामा व्हायच्या आत पसरली. फादर म्हणजे आमचे दानियलराव आणि सिस्टर म्हणजे मी. लग्नाला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती, दोन मुलं आणि एक नात होती. पण चर्चने पाठवलेला पुरुष म्हणजे फादर आणि त्याच्याबरोबरची बाई म्हणजे सिस्टर, अशी गल्लीतल्या लोकांची समजूत. घरमालकीण रुकय्याबी दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आली आणि तिने सरळ विचारलं, "तुमचं लग्न लागलंय ना?" मी पेटीतून लग्नाचा फोटो काढून दाखवला. ती तो घेऊन चार घरी फिरून आली आणि विषय संपला. फोटो मात्र मला आठवड्याने परत मिळाला.

आम्ही मिशनरी होतो हे खरं, पण उपदेश करायला गेलो नव्हतो. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, एक पद्धत होती. नोकरीतून निवृत्त झालेली, हातपाय धड असलेली जोडपी एक वर्ष कुठेतरी जाऊन राहायची आणि स्वतःच्या पेन्शनवर सेवा करायची. कुणी दवाखान्यात जायचं, कुणी वसतिगृहात. दानियलराव तीस वर्षं नगरच्या एका कारखान्यात कामगार भरतीच्या खात्यात होते आणि मी शाळेत मराठी शिकवायचे. त्यामुळे कमिटीने आम्हाला काम दिलं ते लोकांना नोकऱ्या शोधून द्यायला मदत करण्याचं, आणि जागा दिली रोहा आणि पेण. आठवड्यातले तीन दिवस रोह्याला आमच्याच खोलीत, दोन दिवस पेणला एका ओळखीच्या कंपाउंडरच्या ओटीवर टेबल टाकून बसायचं. मधे एसटी, आणि एसटीत दानियलरावांची झोप.

हे काम बाहेरून वाटतं तसं नसतं. नोकरी आमच्या खिशात नव्हती. धाटावच्या कंपन्यांच्या फाटकावर लागलेल्या जाहिराती उतरवून आणायच्या, कोलाड-खांबच्या हॉटेलवाल्यांना माणूस हवा का विचारायचं, आलेल्या माणसाला काय येतं ते समजून घ्यायचं, त्याचा अर्ज नीट लिहायचा आणि मुलाखतीला काय बोलायचं ते शिकवायचं. एवढंच. पण त्या "काय येतं" पाशी आमची गाडी पहिल्याच महिन्यात अडकली.

माणूस समोर बसायचा. दानियलराव चष्मा पुसून विचारायचे, "काय काय येतं तुम्हाला?"

"काय नाय."

"काहीतरी येत असेल."

"तसा काय नाय."

असं म्हणणाऱ्याने वीस वर्षं होडी बांधलेली असायची. एकजण तर दोन गावांचे पंप दुरुस्त करायचा, हे मला त्याच्या हाताच्या काळ्या नखांवरून कळलं, त्याच्या तोंडून नाही. दानियलरावांनी मग त्यांच्या कारखान्यातला उपाय काढला. भिंतीला आरसा टांगला आणि प्रत्येकाने त्यासमोर उभं राहून स्वतःबद्दल तीन चांगल्या गोष्टी मोठ्याने म्हणायच्या, असा सराव सुरू केला. पुरुष आरशात बघून भांग पाडून घ्यायचे आणि गप्प उभे राहायचे. बायका पदर तोंडाला लावून हसत सुटायच्या. एक म्हातारबा म्हणाले, "फादर, आपलीच आपून सांगायची तर लाज वाटते." मला आतून ते पटलं होतं. आम्हा दोघांना लहानपणापासून रविवारच्या शाळेत नम्रता शिकवली आणि साठीनंतर आम्ही लोकांना फुशारकी शिकवायला बसलो होतो.

हा पेच सोडवला रुकय्याबीने, आणि तोही रागाच्या भरात. तिचा भाचा सलीम. त्यांच्या मोहल्ल्यातली सगळी पोरं मिसरूड फुटलं की कुवेत नाहीतर दुबई गाठायची. सलीमला जायचं नव्हतं. त्याला इथेच राहायचं होतं आणि घरात त्याबद्दल रोज कटकट चालायची. तो आमच्याकडे आला आणि दानियलरावांच्या प्रश्नाला त्याने मान खाली घालून उत्तर दिलं, "थोडंफार फ्रिजचं येतं." रुकय्याबी दारात कांदे निवडत होती. ती उठून आत आली आणि खुर्ची ओढून बसली.

"थोडंफार? तो काय बोलणार, त्याला शरम वाटते. मी त्याची फुफी, मी सांगते, तुम्ही लिहा. बर्फाच्या फॅक्टरीचं मशीन बंद पडलं तेव्हा पनवेलचा मिस्त्री दोन दिवस बसून होता. यानं हात लावला आणि चालू केलं. त्या शेठला विचारा. माझा फ्रिज चौदा वर्षं चालतो तो याच्यामुळे. आणि एक ऐब पण लिहा, सकाळी लवकर उठत नाही."

दानियलरावांचं पेन थांबेचना. सलीम लाल होऊन जमिनीकडे बघत होता, पण त्याने एकाही वाक्याला नाही म्हटलं नाही. आठ दिवसांत त्याला नागोठण्याच्या एका शीतगृहात दुपारच्या पाळीचं काम मिळालं. सकाळी न उठण्याचा ऐब लिहिला होता म्हणूनच दुपारची पाळी मिळाली, हे रुकय्याबी अजून सांगते. त्या दिवसापासून पहाटेच्या प्रार्थनेत दानियलराव ज्यांची नावं घ्यायचे त्या यादीत सलीमचं नाव आलं. फुफीनेच ते घालायला लावलं होतं. कुणाचा देव ऐकेल ते सांगता येत नाही, सगळीकडे नाव असलेलं बरं, असं तिचं म्हणणं.

मग आम्ही आरसा उतरवला. नवा नियम केला: येताना एक बोलणारं माणूस बरोबर आणा. ज्याने तुमच्यासोबत काम केलंय असं, नातलग चालेल, शेजारी चालेल. अर्जदाराने गप्प बसायचं आणि त्या माणसाने सांगायचं. काय झालं सांगू, ज्या ओटीवर "काय नाय" शिवाय शब्द निघत नव्हता तिथे आवाज खाली घ्या म्हणून विनवण्या करायची वेळ आली. दुसऱ्याची स्तुती करताना इथल्या माणसाची जीभ जरासुद्धा अडखळत नाही. काही कंपन्यांनी तर त्या माणसालाही मुलाखतीला आत बसू दिलं. पहिल्यांदा हसले, मग त्यांना त्यातला फायदा कळला. आमच्या मंडळीच्या कमिटीला दानियलरावांनी या पद्धतीचा दोन पानी अहवाल पाठवला. मला वाटतं, आम्हाला तेव्हा थोडी घमेंड चढली होती. ती उतरवली वनिता आणि तिची सासू ठमाबाय यांनी.

वनिता खाडीकडच्या गावातली, गडबच्या फाट्यावर उतरून बांधावरून अर्धा तास चालत जावं लागतं तिथली. वय असेल पस्तीस-छत्तीस. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूबरोबर मिठागरात कामाला. नवरा तीन वर्षांपूर्वी काविळीने गेला. मूलबाळ नाही. मग एका भरतीला मिठागराचा बांध फुटला, मालकाने तो परत बांधला नाही आणि मीठ पिकायचं तिथे चिखल झाला. उरणला तिचे दोन भाऊ होते. त्यांचा निरोप होता की शिमग्यानंतर येऊन तुला घेऊन जातो, आमच्याकडे राहा. आमच्याकडे राहा म्हणजे काय ते वनिताला नीट माहीत होतं. दोन भावजयांच्या स्वयंपाकघरात उरलेलं आयुष्य काढायचं, आणि साडी हवी असली तरी कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं. तिला स्वतःचा पगार हवा होता. शिमग्याच्या आत हवा होता.

"मना काय येत नाय, बाई," ती म्हणाली, सगळ्यांसारखंच.

"बोलणारं माणूस आण," मी म्हणाले.

ती ठमाबायला घेऊन आली. सत्तरीची, काटकुळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत कसलेली बाई. बारा वर्षं दोघी एकाच मिठागरात राबलेल्या, म्हणजे हिच्याइतकी चांगली साक्ष कुणाची असणार? ठमाबाय त्या दिवशी फारसं बोलली नाही. आम्ही विचारलं त्याला "हां" म्हणाली. मी म्हटलं, लाजत असेल. शाळेत छत्तीस वर्षं काढून गप्प बसलेल्या मुलाच्या मनात काय आहे हे न ओळखणाऱ्या बाईला काय म्हणावं? मी अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खूश झाले.

काम तिच्यासाठीच असल्यासारखं चालून आलं होतं. धाटावला रंगाची भुकटी बनवणारी एक कंपनी होती. ओली भुकटी ट्रेमध्ये पसरून वाळवायची, मधूनमधून लाकडी फळीने ओढायची आणि नेमकी वाळली की काढायची. कमी वाळली तर गोळे होतात, जास्त वाळली तर धूळ उडते. मिठाचंही असंच असतं, हे मला वनिताकडूनच कळलं होतं. पाळी सकाळी सातची. गडबहून पहिली एसटी त्या वेळेत पोचत नाही, म्हणून कंपनीच्या ठेकेदाराने बायकांसाठी धाटावला खोली घेतली होती. एका खोलीत चौघी, घरचं माणूस ठेवायला परवानगी नाही, रविवारी घरी जायचं. आम्हाला यात काहीच वावगं दिसलं नाही. राहायची सोय आहे, म्हणून दानियलराव उलट खूश होते.

मुलाखत घेणारा साहेब साताऱ्याकडचा तरुण होता, सभ्य. त्याने वनिताला दोन प्रश्न विचारले, ती गप्प. मग तो ठमाबायकडे वळला. "आजी, तुम्ही सांगा. कामाला कशी आहे सून?"

ठमाबायने आधी वनिताकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "कामाला बरी हाय. पन तिला चक्कर येते. दोनदा पडली. उचलून आनली."

साहेबाने पेन खाली ठेवलं. तिथे वाफेचे पाइप, गरम ट्रे. चक्कर येणाऱ्या बाईला तो कसा घेणार? मागाहून कळवतो म्हणाला. ते कळवणं म्हणजे काय हे दानियलरावांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी स्वतः तीस वर्षं लोकांना तसंच कळवलं होतं.

रोह्याच्या एसटी स्टँडवर माझा तोल गेला. मी ठमाबायला चारचौघांत बोलले. आवाज शाळेतला लागला होता. सुनेचं चांगलं बघवत नाही का, एवढं खोटं कशाला बोललात, आम्ही महिनाभर खपलो त्याचं काय, असं बरंच काही. बाकावरची माणसं वळून बघत होती. ठमाबाय पिशवी मांडीवर धरून ऐकत राहिली. बोलली ती वनिता, आणि तीही मला.

"बाई, आईना असं बोलू नका. खोटं नाय बोलल्या त्या. मी पडले होते." एवढं म्हणून तिने सासूचा हात धरला आणि दोघी लागलेल्या गाडीत जाऊन बसल्या.

माझ्यावर एखाद्या अर्जदाराने आवाज चढवण्याची वर्षभरातली ती एकच वेळ, आणि तोही सासूसाठी. घरी आल्यावर मी रुकय्याबीला सगळं सांगितलं. ती माझी बाजू घेईल अशी माझी खात्री होती. ती म्हणाली, "सिस्टर, म्हातारीच्या घरात आणखी कोण आहे?" कोण आहे म्हणजे, कोणी नाही. अर्जात नाव होतं, वय होतं, शिक्षण होतं, अनुभव होता. घरी मागे कोण राहणार, हा रकाना दानियलरावांच्या कारखान्यात कधी नव्हता, त्यामुळे आमच्या अर्जातही नव्हता. आणि बोलणारं माणूस आणा म्हणताना, त्या माणसाचं काय जाणार आहे हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. सलीमच्या वेळी फुफीला फायदाच होता, पोरगा गावात राहणार होता. ठमाबायकडे आम्ही तिचंच एकुलतं माणूस तिच्याच तोंडून मागत होतो.

दोन दिवसांनी मी एकटीच गडबला उतरले. बांधावरून चालताना एका बाजूला चिखलाचं मिठागर दिसत होतं. वनिता मासळी आणायला गेली होती. ठमाबाय ओट्यावर जुनं जाळं उसवत बसली होती. तिने मला बसायला पोतं दिलं आणि पुन्हा कामाला लागली. मी माफी मागायला आले होते, पण माफीची वाक्यं मुलांना लिहून देण्यात जन्म गेला, स्वतः म्हणायची वेळ आली तर मी पोत्याचे धागे ओढत बसले.

"तुम्हाला मी बोलायला नको होतं," मी शेवटी म्हणाले.

"बोललीस ती बोललीस." ती जाळ्यातून वर न बघता म्हणाली. "मना चांगला कलतंय बाय, ती जायला पायजे. भावांकडं गेली तर भांडी घासत मरंल. पन दिवेलागन झाली का मना दिसत नाय. ती ताट वाढते, माझा हात धरून पान्याच्या तांब्यावर ठेवते, मंग मी जेवते. त्या साहेबानं इचारलान आनि माझ्या डोळ्यांपुढं तो तांब्याच आला."

मोतीबिंदू होता तो. पुढे पनवेलला नेऊन आम्ही तो काढून आणला, आणि त्यात दोनदा तारखा चुकवून डॉक्टरची बोलणीही खाल्ली. पण त्या दिवशी मला, तिला, कुणालाच ते ठाऊक नव्हतं. म्हातारपणी असंच होतं, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. मी कसलंही आश्वासन दिलं नाही. देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिने मला निघताना वाटीभर जाडं मीठ बांधून दिलं, शेवटच्या वर्षाचं. "आता मिलनार नाय," म्हणाली.

शिमगा दहा दिवसांवर आला आणि धाटावहून निरोप आला. ज्या बाईला घेतलं होतं तिला भुकटीचा वास सोसेना, ती सोडून गेली होती. चक्कर येणाऱ्या बाईचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणाल तर बघू, असं तो साहेब म्हणत होता. दानियलरावांनी वनिताला पेणच्या डॉक्टरांकडून तपासून आणलं. प्रकृती ठणठणीत होती. या वेळी आम्ही ठरवलं की बोलणारं माणूस म्हणून दानियलरावच जातील. ठमाबायला त्यात ओढायचं नाही. तिला निरोपही द्यायचा नाही, असं मी वनिताला बजावलं.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही धाटावच्या फाटकाशी उभे होतो. टमटममधून वनिता उतरली आणि तिच्या मागून ठमाबाय. धुतलेलं लुगडं, कपाळाला ठसठशीत गोंदण, हातात तीच पिशवी. मी काय करू, त्या ऐकत नाहीत, अशा नजरेने वनिताने माझ्याकडे पाहिलं. दानियलराव हळूच म्हणाले, "आता तिला आत जाऊ दे." मी प्रार्थना केली, हे कबूल करते. ती ठमाबायने गप्प बसावं म्हणून केली होती.

साहेबाने तिला ओळखलं. "आजी, मागच्या वेळी तुम्ही चक्कर येते म्हणालात. हे सर्टिफिकेट तर चांगलं आहे."

"येत व्हती चक्कर," ठमाबाय म्हणाली. "माझा पोर गेला तवा ती जेवत नव्हती. मी पन नव्हते जेवत. ती पडली, मी नाय पडले, येवढाच. मागं मी तुमाला आर्धाच सांगितला. आज पुरा सांगाया आले."

आणि तिने सांगितलं. मी तिच्याकडून एवढी वाक्यं त्याआधी कधी ऐकली नव्हती. वनिता फळी ओढते तेव्हा नुसत्या आवाजावरून तिला मीठ धरलं का नाही ते कळतं. मुकादम आपली फळी खाली ठेवून हिला विचारायचा, काढू का ग. पाय चिरले तर ती कपडा बांधून उभी राहते, घरी बसत नाही. दुसरीच्या वाफ्यातलं मीठ आपल्या ढिगात कधी ओढत नाही. रागावली तर दोन दिवस बोलत नाही, हा दोष आहे, पण त्या दोन दिवसांतही ताट वेळेवर वाढते. साहेब आधी हाताची घडी घालून ऐकत होता, मग त्याने लिहायला घेतलं. मी वनिताकडे पाहिलं. तिची मान खाली होती आणि डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही. बारा वर्षांत सासूच्या तोंडून तिने यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं, असं ती मला नंतर म्हणाली.

साहेब चांगला माणूस होता. त्याने पेन थांबवून विचारलं, "आजी, पण ही इथे खोलीवर राहिली तर तिकडे तुमच्याकडे कोण बघणार?"

ठमाबायने पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "माझा फारम नाय भरला, साहेब. तिचा भरलाय. तिचाच इचारा."

दानियलरावांनी चष्मा काढला. साहेब उगाच कागद सारखे करत बसला.

आणि तेव्हा वनिता बोलली. आरशासमोर उभी केली असती तर शब्द न काढणारी ती बाई, आम्हा सगळ्यांसमोर, मान वर करून.

"साहेब, मना खोली नको. पहिल्या एस्टीनं मी नवाला इथं पोचते. नवाची पाळी द्याल तर द्या. मी उशीर करत नाय."

"रोज तिकडून? पावसाळ्यातसुद्धा?"

"मिठागरात भरतीचा पानी आत घेतला का उघाडी, बांधातला पान्याचा दार, लावायला मीच जायची. वहोट लागायच्या आत लावायला लागते, नायतर सगला पानी परत जातो. थंडीत गेले, ताप होता तवा गेले. बारा वर्सांत एकदा पन उशीर नाय केला."

बोलून झाल्यावर तीच दचकली. एवढं मोठं आपण आपल्याबद्दल बोललो, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिने चटकन सासूकडे पाहिलं. साहेबानेही तिकडेच पाहिलं.

"खरा हाय," ठमाबाय म्हणाली.

साहेबाने अर्जातला पाळीचा रकाना शोधला, सात खोडलं आणि नऊ लिहिलं. एवढ्याने काम झालं. पाळी बदलून मागता येते हे दानियलरावांना तीस वर्षांपासून ठाऊक होतं. सलीमला आम्हीच दुपारची पाळी मिळवून दिली होती, तेव्हा मलाही ठाऊक होतं. तरी दोन महिने तिचा अर्ज आमच्या हातात असताना आम्हा दोघांपैकी एकालाही तिच्यासाठी ते मागायचं सुचलं नाही. तिने मागितलं, आणि सासूचा हात धरून ती संध्याकाळच्या एसटीने घरी गेली.